रिपोर्टमध्ये अमायलॉइड भरपूर, पण बाबा तर ठीक आहेत, असं कसं?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी विस्मरणाबद्दल प्रश्न मागवले होते, आणि पत्रं, ईमेल, व्हॉट्सॅप सगळं धरून इतके आले की प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत. कोणाचं नाव छापलेलं नाही, फक्त कुठून आलाय तो भाग लिहिलाय. बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट दिसली, की मेंदूत अमायलॉइड नावाचं प्रोटीन साठलं की माणूस संपला. तसं नाहीये, म्हणून पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा घेतेय.

प्रश्न (कोथरूड) : डॉक्टर, माझे बाबा ७४ वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर झालेत. मागच्या वर्षी भावाकडे न्यू जर्सीला गेले होते, तर मधूनमधून नावं विसरतात म्हणून त्याने तिथे त्यांचा अमायलॉइड पेट स्कॅन (मेंदूत अमायलॉइड साठलंय का ते दाखवणारा स्कॅन) करून घेतला. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तेव्हापासून घरातले सगळे हादरलेत, आई तर रात्री झोपत नाही. पण बाबा रोज शब्दकोडं सोडवतात, मंडईतून भाजी आणतात, पासबुकाचा हिशोब आजही चोख. रिपोर्ट चुकलाय का? आणि चुकला नसेल तर आता किती दिवस राहिलेत?

उत्तर : ताई, रिपोर्ट बहुधा बरोबरच असेल आणि बाबाही खरोखर ठीक असतील, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. स्कॅनवर अमायलॉइड किती दिसलं यावरून बाबांची बुद्धी किती वर्षं टिकेल हे कोणीही सांगू शकत नाही, आणि कोणी सांगत असेल तर त्याचं ऐकून आईंची झोप घालवू नका.

हे असं का, ते समजून घ्या. १९०१ साली फ्रँकफर्टच्या हॉस्पिटलात डॉ. अल्झायमर यांनी, विस्मरणाच्या या आजाराला ज्यांचं नाव पडलं त्यांनीच, ऑगस्टे डेटर नावाच्या पन्नाशीतल्या बाईंना तपासलं, त्यांना स्वतःचं नावसुद्धा धड लिहिता येत नव्हतं. त्या १९०६ मध्ये गेल्या, मग डॉक्टरांनी त्यांचा मेंदू मायक्रोस्कोपखाली बघितला तर दोन गोष्टी दिसल्या, पेशींच्या बाहेर साठलेले डाग आणि पेशींच्या आत पडलेल्या गाठी. डाग म्हणजे प्लाक, आणि गाठींना टँगल म्हणतात. ते कशाचे बनलेत हे कळायला पुढे जवळजवळ ऐंशी वर्षं गेली. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी बीटा अमायलॉइड हा तुकडा वेगळा काढला आणि त्यानंतर दोनेक वर्षांत गाठींमध्ये टाऊ नावाचं प्रोटीन असल्याचं सिद्ध झालं.

आता ही दोन प्रोटीनं काय करतात ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. अमायलॉइड हा एका मोठ्या प्रोटीनचा कापलेला तुकडा आहे, तो सगळ्यांच्याच मेंदूत रोज तयार होतो आणि रोज साफही होतो. त्यातला ४२ कड्यांचा तुकडा जास्त चिकट असतो, वय वाढलं की साफसफाई कमी पडते आणि तो पेशींच्या बाहेर साठत जातो. हे सगळं पहिलं लक्षण दिसायच्या १५ ते २० वर्षं आधी सुरू होतं. म्हणजे आज ७४ व्या वर्षी जे दिसतंय ते बाबा नोकरीत असताना, रोज लोकांचे चेक पास करत असताना सुरू झालेलं असू शकतं. आणि ज्यांची स्मरणशक्ती एकदम व्यवस्थित आहे अशा म्हाताऱ्या माणसांचे स्कॅन केले तरी साधारण २० ते ३० टक्क्यांमध्ये अमायलॉइड सापडतं.

टाऊचं काम वेगळं आहे. गणपतीचा मांडव घालताना बांबू सुतळीने आवळून बांधतात ना, तसं टाऊ पेशीच्या लांब शेपटीतल्या नळ्यांना धरून ठेवतं, त्या नळ्यांवरून पेशीचा माल इकडून तिकडे जातो. आजारात टाऊवर गरजेपेक्षा जास्त फॉस्फेट चिकटतात, ते नळ्यांवरून सुटतं आणि एकमेकांत गुंतून गाठी होतात. मग पेशींचे एकमेकींशी असलेले जोड, म्हणजे सायनॅप्स, तुटायला लागतात. आणि हे बिघडलेलं टाऊ एका पेशीतून जोडलेल्या दुसऱ्या पेशीत पसरतं.

मेंदू तपासून आणि स्कॅन करून जे अभ्यास झाले त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली, की माणसाची बुद्धी किती कमी झाली याचं नातं अमायलॉइड किती आहे याच्याशी फार ढिलं आहे, टाऊ किती आणि कुठे कुठे पोचलंय याच्याशी घट्ट आहे, आणि सायनॅप्स किती शिल्लक आहेत याच्याशी सगळ्यात घट्ट. लक्षणं दिसायला लागेपर्यंत अमायलॉइड बहुतेक साठून झालेलं असतं, पुढे माणूस खालावत जातो तरी ते फारसं वाढत नाही. टाऊ मात्र त्याच्याबरोबर पुढे सरकत असतं. टाऊचा पेट स्कॅन केला तर पुढच्या वर्ष-दीड वर्षात मेंदूचा कुठला भाग आक्रसणार याचा अंदाज येतो, अमायलॉइडच्या स्कॅनवरून तो येत नाही.

मग अमायलॉइड निर्दोष का, तर तसंही नाही. साठीच्या पुढे जवळजवळ सगळ्यांच्याच मेंदूत आठवणींच्या भागाजवळ थोडं टाऊ असतंच आणि ते तिथेच राहिलं तर फार नुकसान करत नाही. पण सोबतीला अमायलॉइड साठलेलं असलं की हेच टाऊ तिथून बाहेर पडून बाकीच्या मेंदूत पसरायला लागतं. अमायलॉइड आग लावतं आणि टाऊ जाळत जातं, असं आम्ही विद्यार्थ्यांना शिकवतो.

याचं मला सगळ्यात मोठं उदाहरण वाटतं ते कोलंबियातल्या एका बाईंचं, २०१९ मध्ये त्यांच्यावरचा पेपर आला. त्या भागात काही कुटुंबांमध्ये एक जीन आहे ज्याने चाळिशीतच विसरायला होतं आणि पन्नाशीच्या आसपास पूर्ण डिमेन्शिया, म्हणजे रोजचे व्यवहारही स्वतः जमू नयेत इतकी बुद्धी खालावते. या बाईंना तोच जीन होता, मेंदूत अमायलॉइड प्रचंड, पण सत्तरी येईपर्यंत त्या ठणठणीत. तपासलं तर टाऊ फारच कमी पसरलेलं, कारण त्यांच्याकडे एपीओई नावाच्या दुसऱ्या जीनचा एक दुर्मिळ प्रकार होता, दोन्ही बाजूंनी आलेला. एवढं अमायलॉइड असून जवळजवळ तीस वर्षं आजार लांबला, तर रिपोर्टमधल्या त्या एका शब्दाला सगळं घर घाबरून जायचं कारण नाही हे लक्षात घ्या.

बाबांसाठी आता एवढंच करा. न्यूरोलॉजिस्टकडून स्मरणशक्तीची रीतसर टेस्ट करून घ्या आणि सहा महिने ते वर्षाने तीच टेस्ट परत, कारण एका वेळच्या मार्कांपेक्षा ते किती घसरतायत हे कामाचं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल काबूत ठेवा कारण रक्तवाहिन्यांचं नुकसान आणि अमायलॉइड एकत्र आले की बुद्धी लवकर खालावते. आणि बँकेची कामं, मंडई, शब्दकोडं त्यांच्या हातून काढून घेऊ नका. बऱ्याच घरांत रिपोर्ट आल्या दिवसापासून माणसाला काहीच करू देत नाहीत, मला याचं फार वाईट वाटतं, कारण जे त्यांना जमतंय तेच आपण थांबवतो.

प्रश्न (नारायण पेठ) : सासूबाई ७९ वर्षांच्या आहेत, अल्झायमर आहे असं निदान झालंय. सकाळी गोळी घेतली का हे दहा वेळा विचारतात, जेवल्या तरी जेवले नाही म्हणतात. पण पानशेतच्या पुराची गोष्ट अशी सांगतात की जणू काल घडली, कुणाच्या माडीवर चढलो, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, सगळं. घरातले म्हणतात त्या मुद्दाम करतात. खरंच असं असतं का हो?

उत्तर : नाही, मुद्दाम अजिबात करत नाहीत, आणि हे वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

वर टाऊ कसं पसरतं ते लिहिलंय, ते कुठेही वेडंवाकडं पसरत नाही, त्याचा क्रम ठरलेला असतो. हायको आणि इव्हा ब्राक या जर्मन जोडप्याने १९९१ मध्ये बरेच मेंदू तपासून हा क्रम मांडला. कानाच्या आतल्या बाजूला खोलवर जो भाग आहे तिथून सुरुवात, मग हिप्पोकॅम्पस, आणि शेवटी मेंदूची बाहेरची साल. हिप्पोकॅम्पसचं काम नवी आठवण पक्की करणं हे आहे. तो बिघडला की सकाळची गोळी नोंदलीच जात नाही. त्या विसरल्या असं आपण म्हणतो पण त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांनी ती गोळी घेतलेलीच नाही, म्हणून त्या दर वेळी तितक्याच काळजीने विचारतात. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, तेव्हा त्या शाळकरी मुलगी असतील, ती आठवण केव्हाच हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर राहिलेली नाही, बाहेरच्या सालीत पसरून बसलीय, शिवाय तेव्हाची भीती तिच्याबरोबर बांधलेली आहे. टाऊ तिथे उशिरा पोचतं.

म्हणून 'आत्ताच तर सांगितलं ना' असं म्हणून उपयोग नाही, त्याने त्यांना फक्त आपण चिडलोय एवढं कळतं, आणि गंमत नाही हं, गोष्ट विसरली तरी तो अपमान वाटल्याची भावना बराच वेळ मागे राहते. गोळ्यांसाठी प्रत्येक वाराचा वेगळा कप्पा असलेला डबा आणा, घेतली की रिकामा कप्पा त्यांनाच दाखवा. जेवल्यावर ताट लगेच उचलू नका, थोडा वेळ समोर राहू द्या. आणि पूर, शाळा, माहेर हे रोज बोलू द्या, नातवंडांना बसवा ऐकायला.

प्रश्न (सदाशिव पेठ) : वय ६६. चष्मा कुठे ठेवला, स्वयंपाकघरात कशाला आले, नटाचं नाव जिभेवर आहे पण येत नाही. मलाही होणार का हे? त्या रक्ताच्या नव्या टेस्टबद्दल वाचलं, करून घेऊ का?

उत्तर : चष्मा सापडत नाही ही काळजीची गोष्ट नाही. नाव थोड्या वेळाने आठवतं ना, मग ठीक आहे. रोजच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीच्या आमटीत काय काय घालायचं ते न सुधरणं, पैशांचे व्यवहार गोंधळणं, तोच प्रश्न पुन्हा विचारतोय हे स्वतःला न कळणं, या गोष्टी दिसल्या तर डॉक्टरकडे जा. बहुतेक वेळा घरच्यांना आधी लक्षात येतं.

रक्ताची टेस्ट म्हणजे पी-टाऊ २१७, तेच फॉस्फेट चिकटलेलं टाऊ रक्तात मोजतात. मे २०२५ मध्ये एफडीएने, म्हणजे औषधं आणि टेस्टना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी संस्थेने, अशा प्रकारच्या एका टेस्टला परवानगी दिली, पण ती ज्यांना लक्षणं आहेत अशा लोकांसाठी, तज्ञांच्या तपासणीबरोबर. तुम्ही घाबरून स्वतःच्या मनाने करू नका, पॉझिटिव्ह आली तर काय करायचं हे आधी ठरलेलं नसताना रिपोर्ट हातात घेणं बरं नाही.

त्याऐवजी बी१२ आणि थायरॉइड तपासा, आणि हे मी अगदी हट्टाने सांगतेय. या दोन्हींच्या कमतरतेने माणूस विसराळू होतो आणि औषधाने सुधारू शकतो. आपल्या पुण्यातच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने शहरातल्या आणि खेड्यातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये ते छापून आलं, त्यात ६७ टक्के लोकांचं बी१२ कमी निघालं. शाकाहारी असाल, डायबेटिससाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल किंवा ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेत असाल तर नक्की तपासा. डिप्रेशननेही अशीच विसराळू अवस्था येते, जोडीदार गेल्यावर खूपदा बघते मी.

प्रश्न (औंध) : अमायलॉइड काढून टाकणारं इंजेक्शन आलंय असं वाचलं. आईला सुरुवातीचा अल्झायमर आहे. कितीही खर्च झाला तरी चालेल, बाहेरून मागवू का?

उत्तर : तुमची घाई समजते मला. औषध खरं आहे, पण त्याने काय होतं आणि काय नाही हे आकड्यांत बघा. लेकानेमॅब हे दर दोन आठवड्यांनी सलाइनमधून देतात, १,७९५ लोकांवर दीड वर्ष ट्रायल झाली आणि जुलै २०२३ मध्ये एफडीएची पूर्ण मंजुरी मिळाली. मेंदूतलं अमायलॉइड खरोखर खूप कमी झालं. पण बुद्धीचं काय, तर १८ मार्कांची एक मोजपट्टी असते, जास्त मार्क म्हणजे जास्त आजार, त्यावर औषधवाले १.२१ ने घसरले आणि बिनऔषधवाले १.६६ ने. फरक ०.४५ चा. पेपरांत जे '२७ टक्के' छापून येतं ते हेच. कोणी सुधारलं असं नाही, घसरण थोडी हळू झाली. डोनानेमॅब हे २०२४ मध्ये मंजूर झालेलं दुसरं औषध, महिन्यातून एकदा देतात, त्याच्या ट्रायलमध्ये ज्यांचं टाऊ कमी पसरलेलं होतं त्यांना जास्त फायदा झाला. बघा, इथेही पुन्हा टाऊच.

याच्या आधी अमायलॉइडवर एक लस करून बघितली होती. ती घेतलेल्या काही लोकांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले, २००८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, काहींचे प्लाक जवळजवळ नाहीसे झालेले होते तरी ती माणसंही शेवटी पूर्ण डिमेन्शियातच गेली. टाऊ एकदा पसरलं की मागचं अमायलॉइड काढून फार काही परत येत नाही.

आणि धोकाही आहे. लेकानेमॅब घेतलेल्यांपैकी १२.६ टक्क्यांच्या मेंदूत सूज दिसली, बऱ्याच जणांना त्याचा त्रास झाला नाही पण काहींना गंभीर झाला. एपीओई४, म्हणजे वर आलेल्या एपीओई जीनचा धोका वाढवणारा प्रकार, त्याच्या दोन प्रती असलेल्यांमध्ये हे प्रमाण ३२.६ टक्के होतं, म्हणून युरोपात २०२५ मध्ये परवानगी देताना त्या लोकांना वगळलं. औषध चालू असताना पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते. तेव्हा आधी अमायलॉइड आहे हे पक्कं करणं, जीन टेस्ट, एमआरआय आणि इमर्जन्सीत सांभाळू शकेल असा न्यूरोलॉजिस्ट, हे सगळं असेल तरच विचार करा. नुसती बाटली बाहेरून मागवून कोणाकडून तरी टोचून घ्यायचं हे मुळीच करू नका. डोनेपेझिल, मेमँटिन या जुन्या गोळ्या प्रोटीनला हात लावत नाहीत, पण रोजचं वागणं काही काळ सावरायला मदत करतात आणि इथेच मिळतात. त्या आईंना चालू आहेत का ते आधी विचारा.

प्रश्न (हडपसर) : मी ३८ चा आहे, आयटीत. आईला ७० व्या वर्षी निदान झालं. मी एपीओई टेस्ट करू का?

उत्तर : माझं मत नाही. सत्तरीत सुरू होणारा अल्झायमर थेट आईकडून मुलाकडे जात नाही, तसा थेट जाणारा प्रकार एक टक्क्याच्या आसपास असतो आणि तो लवकर, पन्नाशी-साठीच्या आतच दिसतो. एपीओई४ ची एक प्रत असेल तर धोका साधारण तिप्पट होतो, पण ती असून आजार न झालेले खूप आहेत आणि नसून झालेलेही खूप. रिपोर्ट काहीही आला तरी करायचं तेच असतं, बीपी बघा, झोप पूर्ण घ्या, सिगरेट सोडा, बाईकवर हेल्मेट घाला कारण डोक्याला मार लागणं हासुद्धा डिमेन्शियाचा धोका आहे. हेल्मेटवरून आपल्या शहरात वाद घालणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न (सहकारनगर) : हळद, ब्राह्मी, खोबरेल तेल, मोबाइलवरचे ब्रेन गेम, यातलं काय उपयोगी?

उत्तर : अल्झायमर थांबवतं असं यातल्या कशाबद्दलही सिद्ध झालेलं नाही. हळदीतलं कर्क्युमिन अल्झायमरच्या पेशंटना देऊन बघितलं, फायदा दिसला नाही. भाजीत घाला, कॅप्सूलवर पैसे घालवू नका. गेममुळे तो गेम चांगला खेळता येतो. त्यापेक्षा सारसबागेत चार माणसांबरोबर रोज चाला, चालणं आणि माणसं दोन्ही होतात.

प्रश्न (बिबवेवाडी) : वडिलांना कमी ऐकू येतं, मशीन आणलंय पण ते ड्रॉवरमध्येच असतं. डॉक्टर म्हणाले त्याचा विस्मरणाशी संबंध आहे. खरंच?

उत्तर : हो, आणि हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचे आभार मानते कारण याकडे कोणी बघतच नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ञ गटाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येतील असे १४ धोके मोजले, ते सगळे आटोक्यात आले तर जगातला साधारण ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असा त्यांचा अंदाज आहे, आणि त्यात कमी ऐकू येणं हा अगदी मोठ्या धोक्यांपैकी आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत एक ट्रायल झाली, म्हाताऱ्या माणसांना मशीन देऊन तीन वर्षं बघितलं. सगळे मिळून धरले तर फरक पडला नाही, पण ज्यांना आधीच बीपी, डायबेटिस वगैरे धोके जास्त होते त्यांच्यात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी हळू झाली. ऐकू आलं नाही की माणूस बोलणं सोडतो, लग्नकार्याला जात नाही, आणि मेंदूचा जो राखीव साठा असतो तो वापरातच राहत नाही.

मशीन ड्रॉवरमध्ये जातं त्याचं कारण बहुतेक वेळा सेटिंग असतं. भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, ट्रॅफिक सगळं एकदम मोठं येतं आणि ते वैतागून काढून ठेवतात. वडिलांना घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे परत जा, कुठे त्रास होतो ते त्यांनाच सांगू द्या, सेटिंग दोन-तीन वेळा बदलून घ्यावं लागतं. पहिले काही दिवस घरात शांत वेळी तासभरच लावू द्या, टीव्ही बंद ठेवून समोर बसून बोला, मग हळूहळू वेळ वाढवा. कानात मळ साठलाय का तेही त्याच दिवशी बघून घ्या.